फोटो बूथमध्ये दाखवले एक यंत्र, आणले दुसरेच: वडोदऱ्यातील फसवणुकीचा अनुभव

लग्नसमारंभात फोटो बूथ लावण्याची पद्धत वडोदऱ्यात आता चांगलीच रुळली आहे. पार्टी प्लॉटच्या एका कोपऱ्यात सजवलेला पडदा, समोर कॅमेरा, शेजारी टेबलाखाली प्रिंटर आणि पाहुण्यांच्या हातात तिथल्या तिथे ४ बाय ६ इंची फोटो, असा हा प्रकार असतो. पुतणीच्या रिसेप्शनसाठी आम्ही असा बूथ ठरवला आणि त्यात आमची फसवणूक झाली. प्रकरण पुढे आपसात मिटल्यामुळे विक्रेत्याचे नाव देत नाही, पण ज्या युक्तीने हे घडले ती सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण छपाईच्या तंत्रांतील फरक ज्याला ठाऊक नाही अशा कोणत्याही यजमानावर ती सहज चालू शकते.

बोलणी विक्रेत्याच्या कार्यालयात झाली. तेथे काउंटरवर ठोकळ्यासारखा एक जड प्रिंटर ठेवलेला होता. त्याने आमचाच फोटो काढला, छापून हातात दिला, मग त्यावर बाटलीतले पाणी ओतून रुमालाने पुसून दाखवले. फोटोला काहीही झाले नाही. हे डाय-सब्लिमेशनचे (उष्णतेने रंग कागदात उतरवणारे) यंत्र आहे, तुमच्या समारंभात हेच येईल, असे त्याने तोंडी सांगितले. कोटेशनवर मात्र 'अनलिमिटेड इन्स्टंट प्रिंट, ४ बाय ६, ग्लॉसी, चार तास' एवढेच शब्द होते. रक्कम १८,००० रुपये ठरली आणि निम्मी आगाऊ दिली. माझ्या धाकट्या भावाने त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर 'हाच प्रिंटर येणार ना?' असे विचारले होते आणि त्यावर 'हां जी, सेम मशीन' असे उत्तर आले होते. ते उत्तर पुढे फार उपयोगी पडले.

रिसेप्शन मे महिन्यात, वासणा-भायली रस्त्यावरील एका पार्टी प्लॉटवर होते. जेवणात आमरस होता, पाण्याचे ग्लास बर्फामुळे बाहेरून घामेजलेले होते आणि कोणाचाच हात कोरडा म्हणता येईल असा नव्हता. थोरल्या वहिनी हात धुऊन आल्या आणि टेबलावरचा आपला फोटो त्यांनी उचलला. अंगठा जिथे टेकला होता तिथला शालूचा लाल रंग त्यांच्या बोटाला लागला आणि फोटोवर त्या जागी फिकट गुलाबी डाग उमटला. पाठोपाठ आणखी दोघातिघांचे फोटो तसेच झाले. ज्या मावशींनी आपला फोटो पाण्याच्या ग्लासाखाली ठेवला होता, त्यांच्या चेहऱ्यावरून निळसर ओघळ गेलेला होता.

मी टेबलाचे कापड उचलून पाहिले. आत घरोघरी, झेरॉक्सच्या दुकानांत दिसतो तसा बाजूला रंगांच्या टाक्या असलेला इंकजेट प्रिंटर होता. टेबलावर दर्शनी बाजूला मात्र डाय-सब्लिमेशन कागदाचा एक मोठा छापील खोका ठेवलेला होता. तो उघडला तेव्हा त्यात वायरी आणि एक्स्टेंशन बोर्ड निघाले. यंत्र सांभाळणाऱ्या मुलाला मी वापरलेली रिबन दाखव म्हटले. तो आधी 'आत आहे, काका' म्हणाला आणि मग खरे बोलला: मोठे मशीन ऑफिसातच असते, गिऱ्हाइकांना दाखवायला. त्या मुलाला मी दोष देत नाही. तो रोजंदारीवर आलेला होता आणि त्याला जे दिले ते तो चालवत होता.

रिबनच का मागितली, हे समजण्यासाठी दोन्ही यंत्रांचे काम कसे चालते ते पाहावे लागेल. डाय-सब्लिमेशनच्या प्रिंटरमध्ये शाई नसते. प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर, म्हणजेच रिबनीवर, पिवळा, मॅजेंटा (गडद गुलाबी), सायन (हिरवट निळा) आणि शेवटी पारदर्शक असे पट्टे ओळीने असतात. उष्णता देणारे हेड त्या फितीतला रंग कागदावरच्या लेपात उतरवते, म्हणून प्रत्येक फोटोसाठी कागद हेडखालून चार वेळा मागेपुढे जातो: तीन वेळा रंगांसाठी आणि चौथ्यांदा वरच्या संरक्षक थरासाठी. कार्यालयातल्या फोटोवर पाणी चालले नाही ते या चौथ्या थरामुळे. हेडची उष्णता जागोजागी कमीजास्त करता येत असल्यामुळे रंगाच्या छटाही सलग उतरतात. ठिपके पडत नाहीत. इंकजेटमध्ये याउलट कागद एकाच दिशेने थोडा थोडा सरकतो आणि त्यावर आडवे धावणारे हेड शाईचे अतिसूक्ष्म थेंब उडवते. टाकीच्या बहुतेक फोटो प्रिंटरांत पाण्यात विरघळणारी डाय शाई असते, आणि कागद स्वस्त व शाई मूळ कंपनीची नसून बाजारातली असली तर ती ओल्या बोटाला लगेच लागते.

डाय-सब्लिमेशनची फीत एकदाच वापरता येते आणि छापून झाल्यावर तिच्यावर प्रत्येक फोटोची उलटी छबी राहते. पिवळ्या, मॅजेंटा आणि सायन अशा तीन पट्ट्यांवर चेहरे नेगेटिव्हसारखे स्पष्ट ओळखू येतात. म्हणूनच वापरलेली रिबन हा त्या तंत्राचा असा पुरावा आहे की तो कापडाखाली लपवता येत नाही. (जाता जाता, घरच्या मुलीबाळींचे फोटो असलेल्या त्या रिबनी बहुतेक बूथवाले सरळ कचऱ्यात टाकतात, ही वेगळी काळजीची गोष्ट आहे.)

पैशाचे गणितही येथेच आहे. डाय-सब्लिमेशनमध्ये फोटो काळाकुट्ट असो वा पांढराफटक, चारही पट्टे पूर्ण खर्ची पडतात. म्हणजे दर प्रिंटचा खर्च ठरलेला असतो आणि रोल संपला की छपाई थांबते. डीएनपी कंपनीच्या आरएक्स१ या बूथवाल्यांमध्ये चांगल्याच परिचित असलेल्या प्रिंटरच्या एका रोलमध्ये ४ बाय ६ चे साधारण ७०० फोटो निघतात आणि किती उरले ते यंत्र स्वतः सांगते. बाजारातली शाई भरलेल्या इंकजेटचा दर प्रिंटचा खर्च याच्या तुलनेत फारच कमी पडतो. 'अनलिमिटेड' हा शब्द लिहून देणाऱ्या माणसाला हा फरक सरळ खिशात घालता येतो, आणि जितके पाहुणे अधिक तितका तो मोठा होतो.

वेळेवरूनही अंदाज येतो. डाय-सब्लिमेशनच्या समारंभासाठीच्या प्रिंटरला ४ बाय ६ फोटोस साधारण १० ते १५ सेकंद लागतात. आमच्याकडे रांग सरकेना, तेव्हा तो मुलगा 'वायफाय स्लो आहे' म्हणत होता. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये अनातोल जोसेफो यांनी सुरू केलेल्या स्वयंचलित बूथमध्ये आठ छबींच्या पट्टीसाठी लोक सुमारे आठ मिनिटे थांबत, पण तिथे फोटो रसायनांत धुतला जात होता. शंभर वर्षांनंतर वायफायचे निमित्त करून पाहुण्यांना उभे ठेवण्याचे कारण नव्हते.

इंकजेट हे तंत्रच वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. पाण्यात न विरघळणारी पिगमेंट शाई आणि चांगला कागद वापरला तर इंकजेटचे फोटो उत्तम टिकतात, आणि मोठ्या आकारासाठी कित्येक छायाचित्रकार तेच पसंत करतात. झिंक नावाचा कागदही बूथमध्ये दिसतो. त्यात रंगाचे स्फटिक कागदाच्या थरांतच असतात आणि उष्णतेने उमटतात, पण फोटो बहुधा २ बाय ३ इंचाचे असतात आणि कातडीचा रंग डाय-सब्लिमेशनइतका खरा येत नाही. फुजीफिल्मच्या इन्स्टॅक्स मिनीमध्ये खरी फिल्म असते, छबी ६२ बाय ४६ मिलिमीटरची येते आणि पाहुण्यांना ती उमटताना पाहायला आवडते. मात्र फिल्मच्या कॅमेऱ्यातून निघालेल्या फोटोची दुसरी प्रत हवी असली तर तो स्कॅन करण्यावाचून उपाय नसतो. या सगळ्यांना 'इन्स्टंट प्रिंट' हेच नाव लागू पडते. त्यामुळे कोटेशनवर तेवढेच लिहिलेले असेल तर यांतले कोणतेही यंत्र आणून ठेवले तरी कागदोपत्री विक्रेता खरा ठरतो.

दुसऱ्या दिवशी मी विक्रेत्याला फोन केला. वाटेत मोठे मशीन बिघडले, ऐनवेळी दुसरे आणावे लागले, असे त्याचे म्हणणे होते. बिघडले तर आम्हाला कळवले का नाही आणि कागदाचा रिकामा खोका मात्र न विसरता कसा आला, याला उत्तर नव्हते. फोटो दिसायला सारखेच आहेत ना, असेही तो म्हणाला. मी नमुन्याचा फोटो आणि समारंभातला फोटो शेजारी ठेवून भिंगातून पाहिले: एकात गालाचा रंग अखंड होता आणि दुसऱ्यात निळे व गुलाबी ठिपके वेगवेगळे मोजता येत होते. भिंगाखालचे दोन्ही फोटो, टेबलाखालच्या प्रिंटरचा फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे ते उत्तर एकत्र जोडून मी स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवली.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेच्या दर्जाबद्दल खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत, स्वतः राहत असलेल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते. हे सर्व मी नोटिशीत लिहिले होते. नोटीस पोहोचल्यावर त्याचा सूर बदलला. प्रथम त्याने सगळे फोटो मोठ्या यंत्रावर पुन्हा छापून देण्याची तयारी दाखवली. पाहुणे पुणे, इंदूर आणि सुरतेला परतलेले असल्यामुळे आम्ही ती नाकारली. अखेर उरलेली निम्मी रक्कम त्याने सोडली आणि मूळ फायली पेनड्राइव्हवर दिल्या. मूळ फायली हातात येत असल्यामुळे आम्ही तिथेच थांबलो.

पुढच्या हिवाळ्यात भाच्याच्या मुंजीसाठी बूथ ठरवताना कोटेशनवर पुढील मजकूर आम्ही स्वतः लिहून घेतला: 'छपाई केवळ डाय-सब्लिमेशन प्रिंटरवर होईल, प्रिंटरचे मॉडेल खाली लिहिले आहे, पहिला फोटो काढण्यापूर्वी प्रिंटर व रिबन यजमानांना उघडून दाखवली जाईल, वापरलेल्या सर्व रिबनी समारंभानंतर यजमानांच्या ताब्यात दिल्या जातील, प्रिंटर बदलल्यास छपाईचे पैसे देय राहणार नाहीत.' पहिल्या विक्रेत्याने हे वाचून 'इतना कौन लिखवाता है' म्हणत कागद परत केला. दुसऱ्याने दर थोडा वाढवून सांगितला, पण मॉडेल नंबर स्वतःच्या हाताने लिहिला आणि रिबनींसाठी एक पिशवी घेऊन येतो म्हणाला. काम त्याला दिले.