हरलेल्या रात्रीचं श्रीफळ कुणाला: वॉटसन, रेन्फ्रो की डॉड?

अमेरिकेतल्या आमच्या ग्रीनव्हिलच्या मराठी घोळक्यात क्लेमसन विद्यापीठाचा (अमेरिकन) फुटबॉल सामना संपला की मतदान होतं. आपल्या संघातला दिवसाचा मानकरी ठरवायचा, वहीत नाव लिहायचं, त्याच्या नावाने नारळ फोडायचा आणि खोबरं वाटून खायचं. (नारळ ‘देणं’ म्हणजे आपल्याकडे कामावरून काढणं, म्हणून आम्ही कटाक्षाने ‘श्रीफळ’ म्हणतो.) २०१५च्या हंगामाच्या पानावर शेवटचा रकाना मात्र अजून कोरा आहे. ११ जानेवारी २०१६च्या रात्री कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात अलाबामा विद्यापीठाने ४५–४० असं हरवलं आणि कुणाला वही उघडायची इच्छाच झाली नाही. आता तो रकाना भरायचं ठरलंय. नव्याने आलेल्या तिघाचौघांनी तो सामना पाहिलेला नाही, पण त्यांनाही मत आहे. हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी हरलो कसे ते बघा, कारण माझ्या मते निवड तिथेच ठरते. ॲरिझोनातल्या ग्लेनडेलला क्लेमसन गेलं ते १४ पैकी १४ सामने जिंकून, देशात पहिल्या क्रमांकावर. मध्यंतराला १४–१४. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा आपण २४–२१ ने पुढे. शेवटच्या क्वार्टरमध्ये अलाबामाने २४–२४ अशी बरोबरी केली आणि पुढची किक लांब मारायच्या ऐवजी बाजूला अलगद उडवली. मार्लन हम्फ्रीने ती झेलली, म्हणजे चेंडू परत त्यांच्याकडेच. त्यांचे प्रशिक्षक निक सेबन हसले. हे दृश्य किती दुर्मीळ आहे ते जुन्या प्रेक्षकांना विचारा. लगेच त्यांच्या ओ. जे. हॉवर्डने ५१ यार्डांचा टचडाउन केला (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं, त्याचे सहा गुण आणि बहुधा वर एक). आपण तीन गुण काढून ३१–२७ केलं, तर पुढच्याच किकवर केन्यन ड्रेक चेंडू घेऊन ९५ यार्ड पळत सुटला. थोडक्यात, घात झाला दोन ठिकाणी: किकच्या वेळी मैदानात असणारी तुकडी आणि मागच्या फळीतली ढिलाई. हॉवर्डने फक्त ५ झेलांत २०८ यार्ड खाल्ले. मागच्या फळीतला आपला सगळ्यात भरवशाचा मॅकेन्झी अलेक्झांडर पहिल्या अर्ध्यातच मांडीच्या दुखापतीने बाहेर गेला होता, हेही लक्षात ठेवा.

आता उमेदवार. पहिलं नाव आपल्या क्वार्टरबॅकचं, म्हणजे चढाईत पास फेकणाऱ्या डिशॉन वॉटसनचं, आणि आकडे बघितले तर दुसरं नाव पुढे येणारच नाही. ४७ पैकी ३० पास पूर्ण, ४०५ यार्ड, ४ टचडाउन. शिवाय स्वतः पळून ७३. एकूण ४७८ यार्ड, म्हणजे २००६च्या रोझ बोलमधला (तेव्हाचा विजेतेपदाचा सामना) व्हिन्स यंगचा ४६७चा आकडाही मागे पडला. फरक इतकाच की यंग जिंकला होता. आणि हे सगळं अलाबामाच्या त्या बचावासमोर! त्याच हंगामात पासिंगचे ४००० आणि धावण्याचे १००० यार्ड एकत्र गाठणारा वॉटसन वरच्या दर्जाच्या कॉलेज फुटबॉलमधला पहिलाच खेळाडू ठरला. शेवटचे १२ सेकंद उरले असताना, सामना हातातून गेलेला असूनही, त्याने जॉर्डन लेगेटला टचडाउन पास दिला.

त्याच्या विरुद्ध बोलायचं तर एकच गोष्ट सापडते. एडी जॅक्सनने त्याचा एक पास मधल्यामध्ये पकडला आणि त्यावरून अलाबामाने १४–१४ केलं. पाच गुणांनी हरलेल्या सामन्यात ते सात गुण डोळ्यांत खुपतात, पण त्यावरून वॉटसनला बाद करणारा माणूस १९९९च्या चेन्नई कसोटीत सचिनचा शेवटचा फटका मोजणाऱ्यांपैकी समजावा. (तिथे निदान १२ धावांनी हरूनही सामनावीर सचिनच होता. ग्लेनडेलला चढाई आणि बचाव अशा दोन्हींतल्या सर्वोत्तम खेळाडूचे मान अलाबामाने नेले, एक हॉवर्डला, एक जॅक्सनला.) वॉटसनबद्दल पुढे बरंच काही घडलं, २०२२ मध्ये एनएफएलने (अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग) त्याला ११ सामन्यांसाठी निलंबितही केलं. ज्याला त्या नावाने नारळ फोडायला नको वाटतं, त्याला मी दोष देणार नाही. आमच्या वहीत मात्र त्या रात्रीपुरताच हिशेब असतो.

हंटर रेन्फ्रो म्हणजे सगळ्यांचा लाडका. वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्ती नसताना स्वतःहून संघात आलेला, किरकोळ अंगाचा, पहिल्या वर्षाचा. समोरचे बचावपटू पुढे एनएफएलमध्ये गेले आणि हा पोरगा पहिल्याच क्वार्टरमध्ये ३१ आणि ११ यार्डांचे दोन टचडाउन झेलून मोकळा झाला. ७ झेल, ८८ यार्ड. मन त्याच्याकडे ओढतं, हे मान्य. पण दोन्ही टचडाउन सामना तापायच्या आधीचे आहेत, आणि तो मोकळा सापडल्यावर चेंडू नेमका हातात टाकणारा वॉटसनच होता. कहाणी आवडते म्हणून मत देऊ नका.

केव्हिन डॉडचं नाव नव्यांनी बहुधा ऐकलंच नसेल. बचावाच्या पहिल्या फळीत टोकाला उभा राहायचा. त्या रात्री त्याने अलाबामाच्या क्वार्टरबॅकला, जेक कोकरला, तीन वेळा पास फेकायच्या आत मागेच गाठून लोळवलं. याला सॅक म्हणतात. कबड्डीतली पकड डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल. पलीकडच्या टोकाला शॅक लॉसन होता, उपांत्य सामन्यात दुखावलेला गुडघा घेऊन. त्याच्या दोन पकडी. अलाबामाचा डेरिक हेन्री त्या वर्षीचा हाइजमन विजेता, म्हणजे देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरलेला, त्याचे ३६ धावांत १५८ यार्ड दिसतात. त्यातली सुरुवातीची ५० यार्डांची एक धाव वेगळी काढा. उरलेल्या ३५ मध्ये १०८, म्हणजे प्रत्येक वेळी जेमतेम तीन यार्ड. एवढ्या धिप्पाड गड्याला रात्रभर तीन-तीन यार्डांवर थोपवणं हे पुढच्या फळीचं काम, आणि त्यात डॉड सगळ्यात पुढे.

‘४५ गुण दिलेल्या बचावातल्या माणसाला श्रीफळ?’ असं आमच्यातला एक जण म्हणालाच. प्रश्न चुकीचा नाही. पण ड्रेकच्या धावेचे सात गुण बचावाच्या खात्यात येतच नाहीत, आणि हॉवर्ड मोकळा सुटला तो मागच्या फळीकडून. डॉड क्वार्टरबॅकच्या अंगावर पोचेपर्यंत चेंडू गेलेला असेल, तर त्याने आणखी काय करायचं?

तेव्हा मत देताना असं बघा. त्या रात्री मैदानावरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, एवढंच विचारायचं असेल तर डोळे मिटून वॉटसन लिहा. ज्याच्या वाटेवरून हार आत शिरलीच नाही असा माणूस हवा असेल तर डॉड. मी दुसऱ्या बाजूचा. वॉटसनचा आकडा विक्रमांच्या यादीत लिहिला गेला, त्याला आमच्या वहीची गरज नव्हती. डॉड त्याच वर्षी एनएफएलच्या खेळाडू निवडीत दुसऱ्या फेरीत टेनेसी टायटन्सकडे गेला, पण तिथे त्याचं बस्तान बसलं नाही आणि दोन हंगामांत गोष्ट संपली. त्याच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत चांगला खेळ हरलेल्या सामन्यात झाला.

लॉसन आणि डॉड असं जोडनाव लिहायचा प्रस्ताव आलाय. मला चालेल, नारळाची दोन भकलं होतातच.

आणि रेन्फ्रोवाल्यांनी वहीचं पुढचं पान उलटून बघावं. ९ जानेवारी २०१७, टॅम्पा, पुन्हा अलाबामाच. शेवटचा एक सेकंद शिल्लक असताना दोन यार्डांवरून त्याने झेल घेतला आणि आपण ३५–३१ असे जिंकलो. त्याचं श्रीफळ तिथे फोडून झालंय.