ग्रंथालयशास्त्र की माहितीशास्त्र? पदव्युत्तर पदवी निवडण्याआधी

दोन्ही अभ्यासक्रमांची माहितीपत्रकं शेजारी ठेवली तर त्यांत विषयांची नावं बरीचशी तीच दिसतात. खरा फरक कळतो तो विद्यार्थ्यांकडून काय करून घेतात त्यावरून.

ग्रंथालयाकडे झुकलेल्या अभ्यासक्रमात तालिकीकरण (म्हणजे पुस्तकांच्या नोंदी तयार करणं) आणि वर्गीकरण घोटून घेतात. मार्क या संगणकीय नोंदपद्धतीत १०० क्रमांकाच्या रकान्यात लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ६५० मध्ये विषय, हे पाठ व्हायला वेळ लागत नाही. कस लागतो तो पुढे. एकाच लेखकाचं नाव तीन पुस्तकांवर तीन तऱ्हांनी छापलेलं असेल, तर प्रमाण रूप ठरवावं लागतं. नाहीतर वाचकाला त्याची निम्मी पुस्तकं सापडतच नाहीत. दुसरं मोलाचं शिक्षण संदर्भसेवेचं. वाचक विचारतो, "मधुमेहावर काही आहे का?" दोन-तीन प्रश्नांनंतर कळतं, आईला नुकतंच सुरू झालेलं औषध कसं काम करतं ते त्याला समजून घ्यायचंय. हे दोन-तीन प्रश्न कसे विचारायचे, हे अनुभवी ग्रंथपालाच्या शेजारी बसूनच अंगात मुरतं.

माहितीशास्त्रात भर डेटाबेस, मेटाडेटा (म्हणजे माहितीचं वर्णन करणारी माहिती), शोधप्रणाली आणि संशोधन-डेटाच्या व्यवस्थापनावर असतो. इथे पुस्तकाऐवजी एखादा डेटासंच हाती येतो. डब्लिन कोअर या मेटाडेटाच्या प्रमाण आराखड्याचे १५ घटक वापरून त्याचं वर्णन करायचं, डीस्पेससारख्या डिजिटल संग्रहाच्या प्रणालीत तो ठेवायचा, दहा वर्षांनी उघडेल ना याची तजवीज करायची. नोकरीची दारं ग्रंथालयाबाहेरही उघडतात, ही जमेची बाजू. पण काही ठिकाणी तालिकीकरण ऐच्छिक असतं, आणि ते न घेता ग्रंथालयात अर्ज केला की ती उणीव लगेच उघडी पडते.

अभिलेखागाराची ओढ असेल तर या दोहोंतही स्वतंत्र विषयगट आहे का ते बघा. तिथला नियमच वेगळा: एका कार्यालयाची कागदपत्रं विषयवार फोडायची नाहीत, मूळ क्रमात एकत्र ठेवायची.

प्रत्यक्ष वर्ग की ऑनलाइन, यावर मी फार अडून बसणार नाही. ऑनलाइन असला तरी जवळच्या ग्रंथालयात प्रात्यक्षिक सक्तीचं असेल तर तो चांगला. मान्यता मात्र आधी तपासा. अमेरिकेत ग्रंथपालाच्या कित्येक जागांसाठी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाचीच पदव्युत्तर पदवी मागतात.

मन ठरत नसेल तर माझा कौल ग्रंथालयशास्त्राला, मेटाडेटा आणि डेटाबेस हे ऐच्छिक विषय जोडून. सॉफ्टवेअर नोकरीत शिकता येतं, ते बदलतही राहतं. वाचकासमोर बसून चुकायची आणि लगेच सुधारून घ्यायची मुभा नोकरीत क्वचितच मिळते. म्हणून प्रवेशाआधी विभागाला थेट विचारा: प्रात्यक्षिक किती तासांचं, ते कुठे होतं आणि त्यात वाचकाशी बोलायला मिळतं का?