छोटा टर्बो पंप घेऊन जालन्याच्या विहिरींवर ८ महिने

एप्रिलपासून पोर्टेबल मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र) जीपमध्ये टाकून अंबड, घनसावंगीकडच्या विहिरी-बोअरवर फिरायलेय. पाण्यात विरघळलेला नायट्रोजन आणि आरगॉन जागेवरच मोजायचा असतो, बाटलीत भरून लॅबला नेईपर्यंत गॅसचं प्रमाण बदलू शकतं. आरगॉनच्या मानानं नायट्रोजन जास्त निघाला की समजायचं, खाली जंतू खताचं नायट्रेट फोडून त्याचा नायट्रोजन करायलेत. ह्यासाठी यंत्राच्या आत एक लाखांश मिलीबारच्या आसपास व्हॅक्यूम लागतो, तेवढ्यात एक रेणू दुसऱ्याला धडकायच्या आधी ६-७ मीटर जातो म्हणून आयन (यंत्रानं विजेचा भार दिलेले रेणू) नीट डिटेक्टरपर्यंत पोचतात.

हा व्हॅक्यूम करतो टर्बो पंप, वेगानं फिरणाऱ्या पात्यांनी रेणू मागं ढकलणारा. सगळे विचारतात टर्बो कसाय. टर्बो एक नंबर आहे. रोटर लहान, म्हणून पात्यांना वेग यायला तो मिनिटाला ९० हजार फिरवावा लागतो, कारण नायट्रोजनचे रेणूच सेकंदाला साधारण ४७० मीटरनं पळत असतात. एकच पाळा, फिरत असताना जीप हलवायची नाही, पूर्ण थांबू द्या, हळू हवा सोडा, मगच निघा. मे मध्ये ४२ डिग्रीला दोनदा ट्रिप झाला, मॅन्युअलमध्ये मर्यादाच ३५ ची आहे, मग आम्ही सकाळी ६ ते १० लिंबाखालीच काम केलं.

पण विचारायचं ते मागच्या डायफ्राम पंपाबद्दल, टर्बोनं ढकललेला गॅस लवचिक पडद्यानं दाबून बाहेरच्या हवेत सोडतो तो. सॅम्पल घ्यायच्या सिलिकॉन पडद्यातून गॅससोबत पाण्याची वाफ पण आत येते, टर्बो ती मागं ढकलतो आणि डायफ्रामच्या हेडमध्ये दाबली जाऊन तिचं पाणी होतं. जुलैत मागचा दाब २ मिलीबारवरून ९ वर गेला, टर्बो तापायला लागला, हेड उघडलं तर आत थेंब आणि व्हॉल्व्हच्या पट्ट्या चिकटलेल्या. किट यायला ६ आठवडे लागले, ऐन पावसाळ्यातली सगळी सॅम्पलं गेली, त्याचं फार वाईट वाटलं.

एका विहिरीवर मामांनी विचारलं, "पोरी, एवढ्याशा डबड्याला एवढी मोठी ब्याटरी कामून लागती?" म्हणलं मामा, आतली हवा थोडीच असती पण ती बाहेरच्या हवेच्या दाबाविरुद्ध ढकलावी लागती. तर म्हणले, "म्हंजी पाणी खोल गेलं की मोटरीवर लोड येतो तसंच." अगदी तसंच. मंगळावरच्या क्युरिओसिटी रोव्हरमधल्या सॅम ह्या गॅस तपासायच्या उपकरणाचे टर्बो मिनिटाला १ लाख फिरतात आणि थेट तिथल्या हवेत गॅस सोडतात, कारण तिथं बाहेरच १० मिलीबारपेक्षा कमी दाब आहे. आपल्याकडं बाहेर १ हजार आहे, म्हणून पंप लहान करायचा खरा घोर ह्या मागच्या पंपाचा आहे, बनवणाऱ्यांनी तिकडं जास्त लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं.

घेणार असाल तर डायफ्राम-व्हॉल्व्हचं किट पंपासोबतच मागवा, गॅस बॅलास्ट (पंपात थोडी बाहेरची हवा सोडायची सोय, त्यानं वाफेचं पाणी होत नाही) असलेलाच मॉडेल घ्या आणि बंद करायच्या आधी १५ मिनिटं बॅलास्ट उघडा ठेवून चालवा. नवीन डायफ्रामवर आता ३१० तास झालेत, दाब अजून २ वरच आहे.