शेल हेलिक्स एचएक्स८ (५डब्ल्यू-३०): जुन्या पेट्रोल स्विफ्टसाठी

माझी स्विफ्ट पेट्रोल आहे, के-सिरीज इंजिनची, आता बऱ्यापैकी जुनी. तिच्यात मी शेल हेलिक्स एचएक्स८ हे ५डब्ल्यू-३० ग्रेडचं फुली सिंथेटिक ऑइल घालते आणि पुढेही तेच घालणार आहे. एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे गॅरेजात अजूनही हमखास ऐकू येणारा सल्ला: "ताई, आपल्याकडच्या उन्हाला घट्टच ऑइल पाहिजे, २०डब्ल्यू-५० टाका."

हा सल्ला ऐकायला पटतो, पण बाहेर साताऱ्याचा मे असो की महाबळेश्वरची थंडी, इंजिन एकदा तापलं की थर्मोस्टॅट कूलंटचं तापमान साधारण ९० अंशांच्या आसपास राखतो. ग्रेडमधला ३० हा आकडा ऑइल १०० अंशांना किती दाट राहतं ते सांगतो. डब्ल्यूच्या आधीचा ५ थंड इंजिनासाठी. तो जितका लहान, तितकं सकाळी चावी फिरवल्यावर ऑइल वर कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) लवकर चढतं, आणि झीज जास्त होते ती तेव्हाच. शिवाय या इंजिनातलं व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा, ऑइलच्याच दाबावर, बारीक वाटांमधून चालते. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० स्पष्ट लिहिलेलं असताना ५० कशाला ओतायचं?

अनुभव म्हणाल तर पावसाळ्यात रात्रभर भिजलेली गाडी सकाळी सुरू करताना वरून येणारी टकटक लगेच थांबते. खंबाटकीचा घाट भरल्या गाडीने, एसी लावून चढतानाही इंजिन कुरकुरत नाही. ॲव्हरेज वाढल्याचं मला जाणवलं नाही, पिकअपही होता तसाच आहे. दोन सर्व्हिसिंगच्या मधे डिपस्टिकवरची पातळी फारशी उतरत नाही, हे मात्र मला मोलाचं वाटतं. ऑइल काळं पडतं, ते पडणारच. त्यातली मळ धरून ठेवणारी रसायनं (डिस्पर्संट) काजळी ऑइलमध्येच तरंगत ठेवतात म्हणून ते काळं होतं. तेवढ्यावरून खराब झालं म्हणू नका. १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा मी ते फिल्टरसकट बदलते.

डबा घेताना पुढचं चकचकीत नाव नंतर बघा, आधी मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे ग्रेडबरोबर एपीआय एसपी (ऑइलच्या दर्जाचं मानक) असं हवं. हे मानक २०२० मध्ये आलं, आणि जिथे एसएन हे आधीचं मानक सांगितलंय तिथेही चालतं.

किंमत मिनरल ऑइलपेक्षा बरीच जास्त आहे. तुमच्या जुन्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच २०डब्ल्यू-४० असेल तर हा खर्च करू नका. आणि बीएस-६ डिझेल असेल, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल, तर हा डबा दुकानातच राहू द्या. त्या गाड्यांना कमी राख सोडणारं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मानकाचंच ऑइल लागतं. काजळी जळून जाते, पण ऑइलची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये साचत जाते आणि पुढे तो बदलायचा खर्च अवाच्या सवा असतो.

एक विनंती. ऑइल समोर उभं राहून ओतून घ्या, सील तुमच्यासमोर फोडू द्या आणि रिकामा डबा तिथेच कापायला सांगा. चांगल्या कंपनीच्या अख्ख्या डब्यात बनावट ऑइल भरून विकणारे आहेत.