१४४१६ : गोठ्यातून लावलेला फोन

सासूबाई गेल्यापासून ह्यांची झोपच उडाली. देवऋषी झाला, लिंबू उतरवून झालं. डोक्याच्या डॉक्टरचं नाव काढलं की जाऊबाई म्हणायच्या, "पोरींची लग्नं व्हायचीत अजून!" शेवटी धारा काढून झाल्यावर गोठ्यातूनच टेली-मानसला फोन लावला. मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणारी २०२२पासूनची ही सरकारी सेवा, चोवीस तास, फुकट. मराठीत बोलता आलं हे फार बरं झालं. 'जीव घाबराघुबरा होतो' हे मी हिंदीत काय सांगणार? पलीकडच्या ताईंनी आधी मलाच विचारलं, "तुम्ही जेवताय ना वेळेवर?" मग जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराला जायला सांगितलं. आता गोळ्यांची डबी फडताळात, चहाच्या डब्याशेजारी असते. परवा जाऊबाईंनी नंबर मागितला. शेजारणीसाठी म्हणे.