ऑडिओमॉथ रेकॉर्डर: धानाच्या हंगामापासून होळीपर्यंत वापरून

वटवाघळांचे आवाज टिपण्यासाठी घेतलेला ऑडिओमॉथ रोवणीपासून होळीपर्यंत आमच्या बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठावर चालवला. आमची शाळा गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. यंत्र घ्यावंसं वाटलं ते मात्र पार उत्तरेकडच्या वटवाघळांमुळे. स्कँडिनेव्हियात आर्क्टिक वृत्ताच्याही वर पिल्लं वाढवणारी एक जात आहे. तिथे भर उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. मग ही बाहेर पडतात कधी? मध्यरात्रीच्या आसपास, उजेड सर्वांत मंद असताना. अशा गोष्टी रात्रभर झाडाला टांगून ठेवलेल्या रेकॉर्डरमधून कळतात, आणि तसा रेकॉर्डर गावातही लावता येतो, हे समजल्यावर राहवलं नाही.

यंत्र काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. तीन पेन्सिल सेल आणि एक मायक्रो एसडी कार्ड, बस. पडदा नाही, स्पीकर नाही. सेटिंग कॉम्प्युटरवरून करायची आणि टांगून घरी जायचं. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही. हे सेकंदाला आवाजाचे ३,८४,००० नमुने घेतं, म्हणजे त्याच्या निम्म्यापर्यंतचा, १९२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडतं. या सेटिंगवर एका मिनिटाची फाईल सुमारे ४६ एमबीची होते. रात्रभर सलग चालू ठेवलं तर कार्ड बघता बघता भरतं. २,५०,००० वर ठेवलं तर मिनिटाला ३० एमबी लागतात आणि आपल्याकडच्या बहुतेक पाकोळ्यांना (किडे खाणाऱ्या लहान वटवाघळांना) तेवढं पुरतं. पानासारखं नाक असलेल्या काही जाती १२५ किलोहर्ट्झच्याही वर ओरडतात, त्यांच्यासाठी मात्र वरचीच सेटिंग हवी.

घड्याळाकडे नीट लक्ष द्या. ते मुळात जागतिक वेळेवर चालतं. फाईलच्या नावात १३३० दिसलं की आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. सेल बदलले की वेळ पुन्हा लावावी लागते. अतिथंड प्रदेशात साधे अल्कलाइन सेल मान टाकतात, म्हणून तिथे लिथियमचे वापरतात. आपल्याकडे साधे चालतात. इथे वैरी आहे तो पावसाळ्यातला ओलावा. घट्ट झाकणाची डबी घ्या आणि माइकचं तोंड खालच्या बाजूला राहू द्या.

आता खरी मजा. फाईल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दहापट संथ करून ऐकली की ५० किलोहर्ट्झचा आवाज ५ वर येतो. आधी टप्... टप्... असे सुटे ठोके. मग पाकोळीला किडा सापडतो आणि ठोके एकमेकांच्या अंगावर येतात, फोडणीत मोहरी तडतडावी तसे. त्यानंतर क्षणभर शांतता. वर्गात हे ऐकवलं तेव्हा मुलांनी पुन्हा पुन्हा लावायला लावलं. ‘काहून बांधली ही डबी झाडाले, गुरुजी?’ असं विचारणारे शेजारचे काकाही ऐकून गेले. थायलंडमध्ये वटवाघळं धानावरचे पांढऱ्या पाठीचे तुडतुडे खातात हे सांगितल्यावर तर ते बराच वेळ बसले.

डिसेंबर-जानेवारीच्या कडक थंडीत आमच्याकडच्या फायली खूप कमी झाल्या. ज्या होत्या त्या बहुतेक सूर्यास्तानंतरच्या पहिल्या तासातल्या. आभाळ आलं, रात्र जरा उबदार झाली, की पुन्हा वाढायच्या. आपल्या पाकोळ्यांना काही गार रात्री काढायच्या असतात. अलास्कातल्या लहान तपकिरी वटवाघळाला अर्ध्याहून अधिक वर्ष काढायचं असतं, तेही जेमतेम ७ ते १० ग्रॅमच्या देहावर. शीतनिद्रेत त्याचं अंग गोठणबिंदूच्या जवळपास गार पडतं, हृदयाचे शेकडो ठोके मिनिटाला विसेकवर येतात. साठवलेल्या चरबीचा मोठा वाटा अधूनमधून जागं होण्यातच जातो. कोणी त्याच्या झोपेच्या जागेत शिरून उठवलं तर वसंतापर्यंत चरबी पुरत नाही. म्हणून बाहेर टांगलेला रेकॉर्डर मला इतका मोलाचा वाटतो. आपल्याकडेही पडक्या किल्ल्यात, जुन्या विहिरीत टॉर्च घेऊन शिरणारे हौशी लोक आहेत. त्यांना कळकळीची विनंती आहे, रेकॉर्डरची डबी बाहेर, आत शिरायच्या वाटेशी लावा आणि मागे फिरा.

मर्यादाही आहेत. फायलींची संख्या म्हणजे वटवाघळांची संख्या नव्हे. बोडीवर घिरट्या घालणारी एकच पाकोळी कार्ड भरून टाकते. वडावर लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळं यात येतच नाहीत, कारण ती वाट डोळ्यांनी आणि नाकाने शोधतात. मोठ्या कानांचं, बेडूक-उंदीर खाणारं वटवाघूळ इतकं हळू बोलतं की अगदी जवळून गेलं तरच सापडतं. आवाजावरून आपोआप जात सांगणारी बरीच सॉफ्टवेअर युरोप-अमेरिकेतल्या आवाजांवर घडवलेली आहेत. त्यांनी इथे सुचवलेली नावं वहीत लिहू नका. वारंवारता, वेळ आणि त्या रात्रीचं तापमान लिहा.

आणि कार्ड स्वस्तातलं घेऊ नका. तालुक्याच्या एका दुकानातून आणलेलं आमचं कार्ड मधेच लिहायचं थांबलं आणि दिवाळीच्या आसपासच्या रात्री गेल्या. यंत्र मात्र मी शाळेसाठी आणखी एक घेणार आहे, तलावाच्या पाळीवर लावायला.