जुन्या पल्सरचे शॉकअप: पुढे सेकंडहँड, मागे नवे

घरची पल्सर १५० आहे, २००८ची, डिजिटल मीटरवाली डीटीएस-आय. बाबांनी घेतलेली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत नेऊन तपासणी केली, ग्रीन टॅक्स भरला आणि पाच वर्षं वाढवून घेतली, इंजिन एकदम ठणठणीत आहे त्यामुळे विकायचा विषयच नाही. पण शॉकअप पार गेले होते. पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसल्यासारखी खाली बसायची, डिस्कच्या बाजूच्या रॉडवर सतत तेलाचा ओघळ, आणि मागे कोणी बसलं असेल तर स्पीडब्रेकरवरून उतरताना ठण्ण करून आवाज यायचा आणि मग गाडी दोन-तीनदा वरखाली होत राहायची. कात्रज-कोंढवा रोडने रोज जाणाऱ्याला हे कसं वाटतं ते वेगळं सांगायला नको.

तर हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे, एक म्हणजे मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून घेतलेला पुढचा सेट, आणि दुसरं नाना पेठेतलं ते छोटं दुकान जिथे फक्त शॉकअपचंच काम करतात. दुसऱ्याला माझ्याकडून पूर्ण मार्क. पहिल्याला मार्क द्यायचे की नाही हे तुम्ही काय बघून घेता त्याच्यावर आहे.

आधी ऑइल सील, म्हणजे तेल आत अडवणाऱ्या रबरी रिंगा, बदलून बघितले होते का असं सगळेच विचारतात. हो, दोनदा बदलले, प्रत्येक वेळी थोड्याच दिवसात परत तेल. कारण दोष सीलचा नव्हताच, रॉडचं क्रोम गेलं होतं. सील जिथे वरखाली घासतो त्या पट्ट्यात गंजाचे बारीक खड्डे पडले होते, डोळ्याला दिसत नाहीत पण नख फिरवलं की अडकतं. असा खड्डा प्रत्येक झटक्याला सीलची कड कापत राहतो, मग तुम्ही कितीही भारी सील टाका. आणि तेल गळून डिस्कवर किंवा ब्रेकपॅडवर गेलं तर ब्रेकच लागत नाही, त्यामुळे "थोडं गळतंय, चालतंय" हे पुढच्या शॉकअपच्या बाबतीत मला अजिबात मान्य नाही.

मग पर्याय तीन. रॉडला परत हार्ड क्रोम करून घेणं, नवे रॉड टाकणं, किंवा कमी चाललेल्या दुसऱ्या गाडीचा पूर्ण सेट. क्रोमचं काम चांगलं करणारा असेल तर उत्तमच पण क्रोम चढवल्यावर ग्राइंडिंग करून माप परत बरोबर आणावं लागतं, ते नीट नाही झालं तर सील एकतर घट्ट बसतो नाहीतर सैल. नवे रॉड घेतले तरी माझे बॉटमही, म्हणजे रॉड ज्यात वरखाली होतो त्या खालच्या नळ्या, आतून घासलेले होते, नवा रॉड जुन्या बॉटममध्ये टाकला की खेळ तसाच राहतो. म्हणून पूर्ण सेट.

इथे मित्रमंडळींनी सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ३७ एमएमसाठी. २००९ला पल्सर १८०ला २२०सारखे ३७ एमएमचे जाड शॉकअप आले, आपल्या १५०ला ३१ एमएमचे. दिसायला जाड फोर्क, म्हणजे पुढच्या शॉकअपची जोडी, भारीच दिसतो आणि ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग कमी वाकतो हेही खरंय. पण त्याच्यासोबत खालची-वरची टी (दोन्ही रॉड जिच्यात पकडलेले असतात ती पट्टी), ॲक्सल, मडगार्ड, कॅलिपरची जागा, हेडलाइटचा ब्रॅकेट, असं एकेक सगळं येतं, आणि टीचा स्टेम, म्हणजे मधला दांडा, आपल्या चेसीच्या हेडमध्ये बसतो का, बॉल रेसर (हँडल वळवायचं बेअरिंग) कुठला, हे मोजल्याशिवाय पैसे देणं धोक्याचं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं आहेत, आणि माझी गाडी परत पासिंगला जाणार. मला गाडी सरळ, शांत आणि न गळणारी हवी होती, त्याला ३१ एमएम पुरतो. ज्याला जाड फोर्कच हवाय त्याने एकाच गाडीचा पूर्ण पुढचा भाग उचलावा, तुकडे तुकडे जमवत बसू नये.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो हे पुणेकरांना माहितीच आहे. रविवारी सकाळी लवकर गेलो. शॉकअपचे ढीग असतात, पण बहुतेक सेट जोडीचे नसतात, एक रॉड एका गाडीचा आणि दुसरा दुसरीचा, तारेने बांधून "जोडी आहे साहेब" म्हणून समोर ठेवतात. मला जो सेट मिळाला तो मागून धडक बसून मोडीत निघालेल्या १५०चा होता, टीसकट, ॲक्सलसकट. टीसकट असला की एक फायदा, दोन्ही रॉड टीमध्ये सरळ आणि एकमेकांना समांतर आहेत का ते तिथेच एका बाजूने डोळा लावून बघता येतं. समोरून ठोकलेल्या गाडीचा सेट असेल तर कितीही स्वस्त असू दे, घेऊ नका, रॉड टीच्या खालच्या कडेपाशी वाकतो आणि तो वाक तेवढ्यापुरता सरळ केला तरी तिथलं लोखंड कमजोर झालेलं असतं.

बघायचं काय तर धुळीची टोपी वर सरकवायची आणि तिच्या खालचा रॉड बघायचा, विकणारा बाहेरचा भाग पुसून चकचकीत करून ठेवतो पण टोपीखालचा गंज तसाच असतो. मी चिंधी घेऊन गेलो होतो, रॉड पुसून पूर्ण लांबीवर नख फिरवलं, गोल गोल फिरवत. वर टीच्या आत जो भाग जातो तिथे थोडा गंज असला तर चालतो, सीलच्या पट्ट्यात एक ठिपकाही नको. मग रॉड दाबून बघायचा, मध्येच अडकला तर वाकलाय. बॉटमला ॲक्सलचं भोक लांबट झालंय का, कॅलिपरचे आटे शाबूत आहेत का, आणि खालच्या ॲलन बोल्टचं डोकं घासलेलं आहे का, कारण ते घासलं असेल तर उघडताना मेकॅनिक शिव्या देणार. सांगितले ३०००, शेवटी १८००ला दिला. सोबत कुठल्या गाडीचा आहे ते लिहून पावती घेतली, ही सवय प्रत्येकाने लावून घ्या, चोरीच्या गाडीचा माल असला तर नंतर उत्तर आपल्याला द्यावं लागतं. पावती द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून मी काहीच घेत नाही.

आता नाना पेठेतलं दुकान. टू-व्हीलरच्या स्पेअरपार्टची सगळी पेठच ती, पण हे दुकान पार्ट विकत नाही, फक्त शॉकअप उघडतं आणि बंद करतं. काका साठीच्या पुढचे असतील. मी सेट ठेवला तर आधी काहीच बोलले नाहीत, दोन्ही रॉड बाहेर काढले आणि जाड काचेवर ठेवून हळूहळू फिरवले, काच आणि रॉडच्या मधून उजेड दिसतो का ते बघत. "सरळ आहेत, घे सील घेऊन ये" एवढंच. सील कुठल्या कंपनीचा, धुळीची टोपी वेगळी घे, खालच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे घे, हे सगळं कागदावर लिहून दिलं. जुनं वॉशर परत वापरलं की तिथून झिरपतं आणि लोक म्हणतात सील खराब निघाला.

सगळ्यात आवडलं ते तेलाचं काम. बऱ्याच गॅरेजमध्ये शॉकअपमध्ये जे इंजिन ऑइल हाताला येईल ते अंदाजाने ओततात, आणि मग एक बाजू कडक आणि एक मऊ. यांनी फोर्क ऑइल मागवलं, मापाच्या नळीत घेऊन दोन्हीकडे तेवढंच टाकलं, मग रॉड वरखाली करून हवा काढली आणि परत आतून पातळी मोजली. मी म्हटलं काका थोडं जाड तेल टाकू का, गाडी कडक होईल, तर म्हणाले आधी कंपनीचं टाक, चालवून बघ, मग ठरव, आत्ता जाड टाकलंस तर छोट्या खड्ड्यांना मनगट दुखेल. बरोबरच होतं त्यांचं. स्प्रिंगची लांबीही दोन्हीची शेजारी ठेवून दाखवली, सारखी भरली, नाहीतर तीही बदलायला लावणार होते.

बसवताना एक गोष्ट केली जी मी आधी कुठेच बघितली नव्हती. ॲक्सल टाकून नट लावला, पण खालचे बोल्ट पूर्ण आवळायच्या आधी गाडी स्टँडवरून काढून पुढचा ब्रेक धरून हँडल चार-पाचदा जोरात दाबलं, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात, आणि मग शेवटचं आवळलं. असं नाही केलं तर ॲक्सल दोन्ही रॉडना आत किंवा बाहेर ओढून धरतो आणि शॉकअप नवा असून जड चालतो. बॉल रेसरही त्याच वेळी नवा टाकला कारण टी उघडलीच होती. मजुरी ६०० घेतली, पुढचं सगळं उघडून, स्वच्छ करून, बसवून. मला तर कमीच वाटली.

मागच्या शॉकअपचा विषय वेगळा आहे. पल्सरचे मागचे नायट्रॉक्स, म्हणजे बाजूच्या डब्यात नायट्रोजन भरलेला असतो, तो तेलावर दाब ठेवतो त्यामुळे खराब रस्त्यावर तेलाचा फेस होत नाही आणि शॉकअप गरम झाला तरी काम करत राहतो. गॅस गेला की बाहेरून काही कळत नाही. बाजारात हातात धरलेला शॉकअप स्प्रिंग लावलेली असताना कोणाच्याच हाताने दबत नाही, मग तो चांगला आहे की मेलेला हे ठरवणार कसं? पुढच्या फोर्कमध्ये सगळं उघडून बघता येतं, रबर आणि तेल नवं टाकता येतं, म्हणून तो जुना घेतला. मागचा बंद डबा आहे. काही ठिकाणी डब्याला भोक पाडून जाड तेल भरून वेल्डिंग मारून देतात, "गॅस भरला" म्हणतात, ते काम मी माझ्या गाडीवर करू देणार नाही. काकांनीही हात लावायला सरळ नकार दिला, म्हणाले हे उघडायचं मशीन माझ्याकडे नाही. म्हणून मागची जोडी नवीन घेतली, एन्ड्युरन्सची. कंपनी आपल्या वाळूजची, बजाजला शॉकअप पुरवते.

पण मागचे शॉकअप घ्यायच्या आधी प्लीज एक तपासा. गाडी मेन स्टँडवर लावा आणि मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवा. स्विंगआर्ममध्ये, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यात, खेळ असेल तर त्याचे बुश गेलेत, आणि वळणावर गाडी मागून डुलते ते शॉकअपमुळे नाही तर त्यामुळे. माझे गेले होतेच, तेही बदलले. अजून एक, मागच्या स्प्रिंगला पाच खाचा असतात, त्या फिरवून घट्ट केलं की शॉकअप सुधारला असं वाटतं पण त्याने फक्त स्प्रिंगचा ताण वाढतो, गाडी उडत राहणं बंद होत नाही. एकट्याने चालवताना मी दुसऱ्या खाचेवर ठेवतो, मागे आई बसणार असेल तर चौथ्या.

यानंतर भोर, वरंधा घाट करून महाडला जाऊन आलो. घाटातल्या उतारावर वळणाआधी ब्रेक मारला की पुढचा भाग जेवढा बसायला पाहिजे तेवढाच बसतो आणि तिथेच थांबतो, हँडल हातात थरथरत नाही, आणि ब्रेक सोडल्यावर एकदाच वर येऊन शांत होतो. मागे आईला बसवून कोंढव्याला नेलं तर ती म्हणाली रस्ता नवीन केला का रे इथला. रॉड अजून पूर्ण कोरडे आहेत, रोज सकाळी बोट फिरवून बघतो.

कोणी काम करून घेणार असेल तर काकांकडे सकाळीच जा, दुपारनंतर रिक्षांचं काम सुरू होतं आणि मग दुसऱ्या दिवशीवर जातं. जुना सेट विकत घ्यायच्या आधी विकणाऱ्याशी बोलून ठेवा की काचेवर फिरवून वाकडा निघाला तर परत घेणार का. माझ्यावाल्याने हो म्हटलं होतं आणि पावतीच्या मागे तसं लिहूनही दिलं.